जनरेटर घरात घ्या, बाहेर पाऊस आहे

वरची वीज आली की खालची जाते. दोघी एका छताखाली नांदत नाहीत, सवती कुठल्या! कोकणात राहणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत खांब असे काही आडवे झाले की लाईट यायला आठवडेच्या आठवडे गेले. त्यानंतर आमच्या वाडीत घरटी नाही, पण दोन घरांआड एक जनरेटर आला. माझा दोन केव्हीएचा आहे. लाल, पेट्रोलवरचा, दोरी ओढून सुरू होणारा. त्याच्याबरोबर काढलेल्या पावसाळ्यांच्या जोरावर तुम्हाला चार हिताच्या गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की जनरेटर हा जावई आहे. एवढे पैसे मोजून आणलेला, कामाला वर्षातून चार दिवस, आवाज मात्र मोठा. अशा माणसाला भर पावसात अंगणात उभं करतात का? सोबत आलेल्या पुस्तकात लिहिलंय की यंत्र घरापासून वीस फूट लांब ठेवा, धुराडं दारं-खिडक्यांच्या उलट दिशेला करा, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या असलेली मांडवी उभारा, खाली उंचवटा करा. माझ्या पडवीपासून वीस फुटांवर विहीर लागते. जावयाला विहिरीशी उभं करून घरात वडे तळायचे, हे आमच्या घराण्यात बसत नाही. तेव्हा सरळ पडवीत घ्या. पावसाची झड आत येते म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधा, माजघराच्या खिडक्या लावून घ्या आणि दार तेवढं किलकिलं ठेवा, वायर आत न्यायला.

आता कुणीतरी कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट काढेल. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो म्हणे. म्हणजे ऑक्सिजन दारात ताटकळत उभा आणि हा पाटावर बसून जेवतोय. पण जे दिसत नाही आणि ज्याचा वास येत नाही, त्याला किती घाबरायचं? मागच्या एका पावसाळ्यात आम्ही सगळे त्या पडवीलगतच्या माजघरात बसलो होतो. दोनेक तासांनी माझं डोकं ठणकायला लागलं, मग हिचं. सासूबाईंनी सहाणेवर सुंठ उगाळून सगळ्यांच्या कपाळाला लेप घातला. धाकट्याला मळमळलं, त्याचा दोष दुपारच्या काकडीच्या कोशिंबिरीवर गेला. मग सगळ्यांनाच सुरेख झोप यायला लागली, भरल्या पावसात येते तशी. घरात शहाणी माणसं पाच. फक्त बोका उठून गेला आणि धो-धो पावसात चुलीच्या लाकडांवर जाऊन बसला. जनावरच ते, त्याला काय कळणार.

एवढ्यात वाऱ्याने ताडपत्री फाडून नेली आणि पडवी सताड उघडी पडली. नुकसान झालं ते चारशे रुपयांचं. डोकी उतरली ती मात्र सुंठेने उतरली, यावर सासूबाई आजही ठाम आहेत.

पेट्रोल संपलं तर जनरेटर बंद करायचा, इंजिन थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्यायची आणि मग ओतायचं, असा एक शिरस्ता आहे. पंधरा मिनिटं! तेवढ्यात मालिकेतली सून माहेरी जाऊन परत येते. चालू यंत्रातच ओतावं. पाण्याची बाटली अर्धी कापली की नरसाळं तयार, एका हातात छत्री, दुसऱ्यात कॅन, उजेडाला मेणबत्ती घेऊन घरातलं कुणीतरी जवळ उभं. सायलेन्सरवर थेंब पडून चर्र झालं तर आधी तो पावसाचा आहे असं समजावं.

यंत्राच्या अंगावर अर्थिंगचा एक स्क्रू असतो. त्याला तांब्याची वायर लावून जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडायची असते. मी त्याला ताडपत्रीची दोरी बांधतो. काही हौशी लोक अर्थिंग नीट करून वर ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी बसवतात. ओल्या हाताला झटका बसला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडते. पण मग पुन्हा अंधारात उठून ती वर करायची कोणी? फ्रीज आणि विहिरीचा पंप एकदम लावू नका असंही सांगतात, कारण मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. लावून बघा. आवाज बदलतो, बल्ब लाजतो, मजा येते.

खरी कला आहे ती जोडणीत. चेंजओव्हर स्विच म्हणून एक खटका मिळतो. इकडे केला की बाहेरची लाईन, तिकडे केला की जनरेटर. दोन्ही एकत्र कधीच नाही. इतका पैसा घालून जर दोन्ही एकत्र मिळणार नसेल तर त्यात फायदा तो काय? त्यापेक्षा दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करून घ्या. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या कुठल्याही सॉकेटला, की घरभर उजेड. फक्त आधी मेन पाडायचा. आणि मधेच एक पिन सुटून हातात आली तर तिच्या पितळी दातांत २३० व्होल्ट असतात, एवढं विसरायचं नाही. म्हणजे अंधारात, छत्री सांभाळत, डोक्यात कळ येत असताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. यापेक्षा भरवशाची सोय अजून निघायची आहे.

मेन पाडायचा राहिला तर करंट दारातून बाहेर पडतो, तारेवरून डीपीपर्यंत जातो. ट्रान्सफॉर्मरला सुलटं-उलटं कळत नाही. एरवी तो ११ हजार व्होल्टचे आपल्यासाठी २३० करतो, तसेच आपल्या २३० चे पलीकडे ११ हजार करून देतो. आपल्या पडवीतलं दोन केव्हीएचं खेळणं आणि पलीकडच्या तारेला अकरा हजार! उर अभिमानाने भरून येतो. शिवाय सगळी वाडी समजून असते की लाईन बंद आहे.

गेल्या जुलैत तिन्हीसांजेला वायरमन आला. आमच्या फणसाची फांदी तारेवर पडली होती. गुडघ्याएवढ्या चिखलातून शिडी ओढत आणलेली, रेनकोटाची एक बाही फाटलेली. चढायच्या आधी खांबाशी उभा राहून त्याने नुसता कान दिला. वाडीत कुठे कुठे फटफट चाललीय ते ऐकत होता. मग आमच्या दारात आला.

"काका, चेंजओव्हर हाय काय?"

"मेन पाडलाय," मी म्हटलं.

"पाडलाय म्हणताव, का बघून आलाव?"

मला थोडा रागच आला. आत जाऊन पाहिलं. मेन वर होता. चपला शोधायच्या गडबडीत राहिला असणार. पण फ्रीज नुकता कुठे गार व्हायला लागला होता आणि आत दोन हजारांची सुरमई होती. पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायचं म्हणजे तरी कसं? मी बाहेर येऊन विचारलं, "दहा मिनिटं थांबतोस का रे?"

तो पागोळ्यांखालून आत सरकला, पायरीवर टेकला आणि रेनकोटाच्या आतल्या खिशातून तंबाखूची पुडी काढली.

"थांबतो की," तो म्हणाला. "मी अजून खालीच हाय."