कोंबडा कधी आणावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘फक्त अंडी हवी असतील तर कोंबडा नको’ हा माझा सल्ला शहरी आहे, असं आपण लिहिलंय. आपलं म्हणणं असं की कोंबडा नसला तर अंडी कमी होतात, त्यांत कस राहत नाही आणि घारीपासून कळप राखायला कुणी उरत नाही. शिवाय आपल्यासारख्या, नऊ देशी कोंबड्या पाळून खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली पिल्लं काढणाऱ्या घरांचा मी विचारच केला नाही. हा शेवटचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याबद्दलच इथे जास्त लिहितो. बाकीचे मान्य नाहीत.

अंडी कमी झाली तर आधी दिवस लहान झालाय का, पिसं झडतायत का, कोंबडी खुडूक आहे का, खाद्यात प्रथिनं आणि शिंपल्यांचा चुरा पुरेसा आहे का, हे पाहा. कोंबड्याचा त्याच्याशी संबंध नाही. फलित आणि अफलित अंड्याच्या पौष्टिकतेतही फरक नसतो. बलकावर दिसणारा लाल ठिपका हीही कोंबड्याची खूण नाही. अंडं तयार होताना कोंबडीची बारीक रक्तवाहिनी फुटली की तो येतो.

उलट आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोंबडा नसणं फायद्याचं ठरतं. साधारण २१ ते २४ अंशांच्या वर फलित अंड्यातला जीव हळूहळू वाढायला लागतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत घरातच ३५ अंश असतं, त्यामुळे काही दिवस पडून राहिलेल्या अंड्यात रक्ताची कडी दिसते आणि अंडं वाया जातं. अफलित अंड्यात हे होत नाही. उन्हाळ्यात अंडी विकायची असतील तर कोंबडा मार्चच्या सुरुवातीलाच वेगळा करा, कारण तो बाजूला केल्यावरही दोन-तीन आठवडे फलित अंडी येत राहतात.

राखणीचं म्हणाल तर घार दिसली की कोंबडा इशारा देतो आणि कोंबड्या झुडपात शिरतात, एवढं खरं. कुत्रा किंवा रानमांजर मात्र त्यालाच उचलतं. रात्रीची राखण खुराड्याच्या घट्ट कडीने आणि अर्धा इंची जाळीनेच होते.

आता पिल्लांचं. त्यांच्यासाठी कोंबडा हवाच, आणि आपल्या नऊ कोंबड्यांना एक पुरतो. चार-पाच कोंबड्यांत एक सोडला की तो त्याच त्याच कोंबड्यांवर चढतो, पाठीची पिसं जातात, पायावरच्या काट्याने कातडी फाटते. खरं तर त्याला रोज सोडायची गरजच नसते. कोंबडीच्या शरीरात वीर्य बरेच दिवस टिकतं, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात.

निवडताना वजनाला भुलू नका. गिरिराज किंवा वनराज या सुधारित जातींचा जड नर लहान देशी कोंबडीला इजा करतो. शिवाय अशा जातींच्या पुढच्या पिढीत मूळ गुण तसेच उतरत नाहीत. आठ-दहा महिन्यांचा, सरळ बोटांचा, लालभडक तुऱ्याचा देशी नर दुसऱ्या गावातून आणा. घरच्याच रवणीतला (एकत्र उबवलेल्या अंड्यांतून निघालेला) ठेवला तर भाऊ-बहिणींचीच जोडी लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की अंडी कमी उबतात, पिल्लं अशक्त निघतात. आणलेला नरही दीड-दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच तलंगांवर, म्हणजे वयात आलेल्या मादी पिल्लांवर, चढतो.

आणल्यावर तीन आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांवर ठेवा आणि त्याला खाद्य-पाणी सगळ्यात शेवटी द्या. या काळात जंताचं औषध द्या, पंखांखाली उवा तपासा आणि राणीखेत या साथीच्या रोगाची लस झाली नसेल तर पशुवैद्यकाकडून करून घ्या. ही पायरी गाळली की एका कोंबड्यापायी सगळं खुराडं जातं. सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. नंतर आठवडाभर जाळीआड ठेवून संध्याकाळी आत सोडा. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, नराला १ टक्का पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर येतं. म्हणून सगळ्यांना वाढत्या कोंबड्यांसाठीचं, कमी कॅल्शियमचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा.

कोंबडा आत सोडल्यावर दहा दिवसांनी चार-पाच अंडी फोडून पाहा. बलकावरच्या पांढऱ्या ठिपक्याभोवती गोल कडी असेल तर अंडं फलित. नुसताच घट्ट, वेडावाकडा ठिपका दिसला तर कोंबडा कामाचा नाही.

एक हिशोब मात्र आधीच करा. १२ अंड्यांतून आठ पिल्लं जगली तर त्यांत साधारण चार नर. चार-पाच महिन्यांत ते झुंजायला लागतात. ते विकायचे की खायचे, हे ठरलेलं नसेल तर कोंबडी बसवू नका.

शेजार दाट असेल तर आरवण्याचाही विचार हवा. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की पहाटेची बांग कोंबड्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालते. म्हणून खुराडं अंधारं केलं तरी ती थांबत नाही. गळ्याला पट्टा बांधून आवाज दाबणं तर करूच नका, त्याला श्वास घेणं जड जातं.

वर्षाला एकदोनच रवणी बसवायच्या असतील तर मी अजूनही कोंबडा नकोच म्हणेन. ज्यांच्याकडे कोंबडा आहे अशा शेजाऱ्यांकडून आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी आणा, थंड जागी टोकाची बाजू खाली करून ठेवा आणि कोंबडी पक्की खुडूक झाली की रात्री तिच्याखाली सरकवा. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून पाहा. ज्या अंड्यांत शिरांचं जाळं दिसत नाही ती काढून टाका. बाकीची २१ व्या दिवसाच्या आसपास फुटतील.