वर्सोव्याचे डांबर आणि कोळ्यांचे डिझेल

गेल्या जुलैत अंधेरीच्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा तो चांगलाच तापलेला होता. वर्सोव्याच्या वाळूवर पुन्हा डांबराचे काळे गोळे आले होते, त्याच्या मुलाचे नवे बूट फुकट गेले होते, आणि त्यांच्या सोसायटीने महापालिकेला निवेदन द्यायचे ठरवले होते: कोळीवाड्यातल्या बोटी डिझेल सांडतात, त्याचेच हे डांबर होते, तेव्हा बोटी तिथून हलवाव्यात. "तू तेलातलाच माणूस आहेस, दोन ओळी लिहून दे," असे तो म्हणाला. मी दिल्या नाहीत. त्यावरून आमचे जे वाजले ते अजून मिटलेले नाही.

मावसभावाला साध्या पंचांगाचाही विसर पडला होता. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, आणि डांबराचे गोळे नेमके त्याच दिवसांत येतात. शिवाय डिझेल हे हलके तेल आहे. ते पाण्यावर सांडले की इंद्रधनुष्यी तवंग पसरतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ. त्यातले बरेचसे उडून जाते आणि उरलेले लाटांत विरते. ते निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही, कारण खाडीतल्या अंड्यांना आणि पिलांना तेही बाधते. पण त्याचे असे गोळे वळत नाहीत.

गोळे होतात ते कच्च्या तेलाचे आणि मोठ्या जहाजांच्या जड इंधनाचे. हे तेल समुद्रात पडले की पहिल्या एक-दोन दिवसांत त्याचा हलका अंश उडतो. मागे राहिलेले तेल लाटांनी घुसळले जाऊन पाणी पिते आणि तिपटी-चौपटीने फुगून तपकिरी लगदा बनते. उन्हाने आणि लाटांनी त्या लगद्याचे तुकडे पडतात. तुकड्यांना वरून कडक साल येते, आत मात्र ते मऊच राहतात. तवंग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के गतीने सरकतो. म्हणजे ताशी 30 किलोमीटरचा नैर्ऋत्य वारा त्याला दिवसाला वीसेक किलोमीटर पुढे ढकलतो, आणि दीडशे किलोमीटरवर सांडलेले तेल आठवड्याभरात जुहू-वर्सोव्याला लागू शकते. ज्याने सांडले तो तोवर दुसऱ्या बंदरात पोहोचलेला असतो. कोळी मात्र तिथेच, डोळ्यांसमोर असतो, आणि मला राग येतो तो याचाच.

मी 2009 च्या वसंतात नोकरीसाठी नॉर्वेतल्या स्टावांगरला आलो. त्याच वर्षी 31 जुलैला लांगेसुंदजवळ 'फुल सिटी' हे जहाज वादळात खडकावर चढले आणि त्याचे जड इंधन किनाऱ्याला लागले. तिकडचा एक सहकारी मला शनिवारी घेऊन गेला. गुडघे टेकून एकेक दगड पुसणारी माणसे मी तेव्हा पाहिली. पिसांना तेल लागलेली आयडर बदके पाण्याबाहेर बसून कुडकुडत होती, कारण तेलाने चिकटलेली पिसे थंड पाणी अडवू शकत नाहीत. त्या गावात कोणी मच्छीमारांच्या होड्यांकडे बोट दाखवले नाही. पुढल्याच वर्षी 7 ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया 3' ही जहाजे आदळली, सुमारे 800 टन तेल सांडले, आणि उरण-घारापुरीकडच्या कांदळवनांची श्वासमुळे काळी झाली. दगड पुसता येतो. कांदळवनाचे ज्या छिद्रांतून श्वास घेणे चालते ती लेपली गेली, की पुसायला जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली तेल चिखलात आणखी खोल जाते. हवा मिळत नाही तिथे ते खाणारे जिवाणूही मंदावतात आणि तेल वर्षानुवर्षे टिकते. "समुद्र सगळे पचवतो" हे वाक्य मावसभावाने त्या दिवशी दोनदा उच्चारले. खाडीचा चिखल पचवत नाही.

मावसभावाने मग विचारले, तुमच्या नॉर्वेचे काय? त्याचे उत्तर टाळणे बरोबर नाही. डिसेंबर 2007 मध्ये स्टाटफ्योर्ड या समुद्रातल्या तेलक्षेत्रात टँकर भरताना सुमारे 4,000 घनमीटर तेल उत्तर समुद्रात गेले, वादळी लाटांनी ते विखुरले, ते किनाऱ्याला लागले नाही, आणि इथेही अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकून विषय संपवला. माझा पगारही त्याच समुद्रातून येतो. तरीही एक फरक मी सोडणार नाही: इथे आधी नमुना घेतात आणि मग नाव घेतात. प्रत्येक तेलाला स्वतःची रासायनिक ठेवण असते. गॅस क्रोमॅटोग्राफ या तेलातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर ती दिसते आणि संशयित जहाजाच्या टाकीतल्या तेलाशी ताडता येते. ही विद्या आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम जाणते आणि तवंग कुठे वाहील याचा अंदाज हैदराबादचे सागरी माहिती केंद्र 'इन्कॉइस' वर्तवते. सोसायटीने निवेदनात एवढेच मागावे, की गोळे काचेच्या बाटलीत भरून, जागा, तारीख आणि वेळ लिहून तपासणीला पाठवा. तशा दोन ओळी मी आजही लिहून देईन.

लहानपणी आम्ही वर्सोव्याहून खेळून आलो, की आई उंबऱ्याबाहेरच थांबवायची. रॉकेलच्या बोळ्याने टाचा खसाखसा पुसायची, मग खोबरेल लावायची, आणि तरी चादरीवर डाग पडायचाच. हे तेल कुणाचे, असे आमच्या घरात कधी कोणी विचारले नाही. तेलाचे शिक्षण घेऊन मीही विचारले नाही, निघून आलो.

माझ्या खिडकीत मुरंब्याच्या बाटलीत वर्सोव्याचा एक गोळा आहे. सुपारीएवढा आहे, वाळू आणि शिंपल्याचा चुरा लागलेला. हिवाळ्यात तो खडा होतो आणि जुलैत ऊन पडले की बाटलीच्या तळाशी थोडा पसरतो. ज्या यंत्रावर तो तपासता येईल ते माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे. पण मी तो उचलला तेव्हा जागा लिहिली नाही, दिवस लिहिला नाही, भरतीची वेळही लिहिली नाही. विमानाला उशीर होत होता, आणि मला घरचे काहीतरी सोबत हवे होते.