‘सांभाळून राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आज अकराच्या मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या हॉलमध्ये चहा चालू होता. वसईहून मास्टर्ससाठी लंडनला आलेला एक मुलगा, तेवीस-चोवीस वर्षांचा, हातात कागदी कप धरून आमच्या घोळक्यात उभा होता. बराच वेळ गप्प. मग एकदम म्हणाला, "अंकल, इथं लग्न होईपर्यंत शरीराने आणि नजरेने शुद्ध राहायचं तरी कसं?" आमच्यातलेच एक वडीलधारे हसले, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, इथं आलास ना, आता हे चालायचंच. लग्न झालं की येशील ताळ्यावर." सगळे हसले. मुलगाही हसला. पण त्याचा अंगठा त्या कपाची कड सोलत होता. चहा संपेपर्यंत अर्धी कड निघाली होती.

घरी आल्यापासून ते हसणं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय.

पोराने काय विचारलं होतं? श्रद्धा ठेवू की नको, असं नाही विचारलं. देवाची आज्ञा त्याला पाठ आहे, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलाय. त्याने ‘कसं’ विचारलं. आणि ‘कसं’चं उत्तर आपल्यापैकी कोणाकडेच नव्हतं, कारण आपण ते कधी दिलेलंच नाही. विमानतळावर आईने बॅगेत लोणचं, मसाला, सुकी मासळी, जपमाळ सगळं भरलं आणि कानात सांगितलं, "सांभाळून राहा." त्या दोन शब्दांत सगळं आलं आणि काहीच आलं नाही.

आधी शब्दांचा घोळ काढू. आपण मराठीत सरसकट ‘ब्रह्मचर्य’ म्हणतो आणि तिथेच फसतो. ब्रह्मचर्य फादर-सिस्टरांचं, ते लग्न न करण्याचं व्रत. शुचिता, म्हणजे लैंगिक संयम, वेगळी. ती स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेल्या प्रत्येकाची, ज्याच्या त्याच्या स्थितीप्रमाणे. अविवाहिताची वेगळी, नवरा-बायकोची वेगळी, विधुराची वेगळी. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात हे स्वच्छ लिहिलंय, आणि हेही लिहिलंय की असा आत्मसंयम हे लांब पल्ल्याचं, कष्टाचं काम आहे, एकदा मिळवला आणि कायमचा झाला असं होत नाही. म्हणजे "लग्न झालं की येशील ताळ्यावर" हे मुळातच खोटं आहे. जो फोनसमोर स्वतःला आवरू शकत नाही तो लग्नानंतरही आवरू शकणार नाही. अंगठी बोटात घातल्याने नजर बदलत नाही.

आता ‘कसं’. त्या मुलाची खोली मी पाहिलेली नाही, पण अशा खोल्या खूप पाहिल्यात. पाच जणांच्या घरातली सर्वांत छोटी खोली, एक पलंग, एक खिडकी. बसायला खुर्ची नाही. पलंगावर जेवण, पलंगावर अभ्यास, पलंगावर लॅपटॉप, पलंगावर आईशी व्हिडिओ कॉल. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. शुक्रवारी शिफ्ट करून आला, जेवण बनवायचा कंटाळा, चिप्स खाल्ले, आडवा झाला, रील्स सुरू. साडेअकराला तो जिथे पोचतो तिथे जायचं त्याने साडेसहाला ठरवलेलं नसतं. चूक साडेअकराची नाहीच. चूक साडेसहाची आहे, उपाशी पोटी आडवं होण्याची. साखळी पहिल्या कडीला तोडता येते. शेवटच्या कडीला तोडायला निघालेला माणूस जवळजवळ नेहमी हरतो, आणि मग म्हणतो माझ्यात इच्छाशक्ती नाही.

म्हणून पहिलं काम, एक खुर्ची आणि एक छोटं टेबल घ्यायचं. जुनं चालेल. पलंग फक्त झोपायला. दुसरं, गजराचं घड्याळ. साधं, बॅटरीवालं. कारण "फोन गजरासाठी उशाशी लागतो" ही सबब पहिली मोडायला हवी. रात्री दहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सामायिक घरात चोरीची भीती वाटत असेल तर निदान खोलीच्या दाराजवळ, पलंगावरून हात पोचणार नाही अशा ठिकाणी.

तिसरं, अश्लील साइट अडवणारी गाळणी. क्लाउडफ्लेअर कंपनीची कुटुंबासाठीची डीएनएस सेवा (साइटचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा) २०२० पासून फुकट आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ टाकलं की अश्लील साइट उघडत नाहीत. दुसऱ्या रकान्यात १.०.०.३. तो रिकामा सोडला किंवा तिथे जुना पत्ता राहिला तर गळती राहते. पण राउटरवर लावून निर्धास्त होऊ नका. फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला की राउटरची गाळणी संपली. त्यामुळे फोनमध्येही लावायची. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’मध्ये जाऊन वेब कंटेंटवर मर्यादा. स्क्रीन टाइमचा पासकोड दुसऱ्याने टाकायचा, स्वतः टाकलेला कोड स्वतःला पाठच असतो. आणि व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या वाटेने नेणारं ॲप) काढून टाकायचा, तो असेल तर डीएनएसचा उपयोग नाही. इतकं करूनही रील्स गाळले जात नाहीत, ते चालू ॲपच्या आतून येतात. त्यावर एकच उपाय, ॲप काढणं. इंग्लंडमध्ये २५ जुलै २०२५ पासून अशा साइटना वय तपासणं सक्तीचं झालंय, चांगलं झालं, पण चोवीस वर्षांच्या पोराला ती अट काय अडवणार?

गाळणीने माणूस शुद्ध होत नाही, मान्य. ती फक्त वीस सेकंद मिळवून देते. पण त्या वीस सेकंदांत माणूस उठून उभा राहू शकतो.

पोटाचा आणि याचा संबंध आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी हे ओळखलं होतं. खादाडपणा आधी येतो, वासना त्याच्या मागून. म्हणून ते आधी जिभेवर ताबा ठेवायला शिकवत. इंग्लंड-वेल्सच्या बिशपांनी सप्टेंबर २०११ पासून शुक्रवारी मांस न खाण्याचा नियम पुन्हा लागू केला, तो किती जण पाळतात? आपण त्याला जुन्या लोकांचं खूळ समजतो. अहो, तो सराव आहे. समोरच्या चिकनला जो ‘आज नाही’ म्हणू शकतो, त्याच्या अंगात ‘आज नाही’ म्हणायची सवय मुरते. पण शुक्रवारी मांस टाळायचं म्हणजे उपाशी मरायचं नाही. डाळ-भात, अंडी, मासे, पोटभर. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी दोन एकत्र आले की त्या रात्री खोलीत एकटं थांबायचं नाही. खाली स्वयंपाकघरात बसावं, कोणाला फोन लावावा, चालून यावं. बायबलमध्ये पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना वासनेशी लढा म्हणून सांगितलेलं नाही, पळून जा म्हणून सांगितलंय. मालकाची बायको मागे लागली तेव्हा योसेफ त्या मालकाच्या, पोटीफराच्या, घरातून अंगावरचं वस्त्र टाकून पळाला. पळणं हा भित्रेपणा नव्हे, ती रीतच आहे.

त्या वडीलधाऱ्यांना हे माहीत नसेल असं नाही. पण हसणं सोपं असतं.

आता मुलींशी ओळखी. इथे तिसऱ्या-चौथ्या भेटीत घरी जाणं गृहीत धरतात. ॲपवर भेटून सुखाने संसार करणारी जोडपी आहेत, हो, आहेत. पण ज्याला शुचिता पाळायचीय त्याने उशीर करू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, दिवसाढवळ्या, कॉफी पिताना सांगून टाकायचं: "मी लग्नाआधी शरीरसंबंध ठेवणार नाही. हे माझ्या श्रद्धेतून आलंय, तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं. पोरं काय करतात, लाजतात, पुढे ढकलतात, आणि मग रात्री बाराला तिच्या दारात उभं राहून सांगतात. तोवर बरेच ग्लास झालेले असतात, ती दुखावते, हा वितळतो. हद्द कुठे हे दारात ठरत नाही. ते आधी घरी, शांत डोक्याने, कागदावर लिहून ठरवायचं. दारू दोन ग्लासांवर थांबवायची. रात्रीचा मुक्काम नाही, ‘मी सोफ्यावर झोपेन’ हेही नाही. यामुळे ती सोडून गेली तर? जाईल. काही जातात. हे दुखतं आणि ते दुखत नाही असं मी कोणाला सांगणार नाही.

एकत्र राहण्याचं भाड्याचं गणित मला कळतं. लंडनमध्ये दोन खोल्यांऐवजी एक घेतली की महिन्याला मोठी रक्कम वाचते. ऑफिसात लग्नाविना एकत्र राहणारी कितीतरी माणसं आहेत, प्रामाणिक, एकमेकांना जपणारी. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. मी आपल्या घरातल्यांशी बोलतोय. लग्न ठरलेल्या जोडप्याने भाडेकरार लग्नाच्या आठवड्यापासून सुरू होईल असा बघावा. आधी घर मिळालंच तर एकाने राहायला जावं, दुसऱ्याने मित्राकडे थांबावं. आणि लग्न लांबवू नये. इथल्या कायद्याला साधारणपणे रजिस्ट्रारकडे २८ दिवसांची नोटीस पुरते, चर्चला साधारण सहा महिने आधी कळवावं लागतं. म्हणजे सात-आठ महिन्यांत लग्न होऊ शकतं.

पण होत नाही, आणि इथे माझा राग पोरांवर नाही, आईबापांवर आहे. हॉल मिळत नाही, मे महिनाच हवा, धाकटीची परीक्षा आहे, सातशे पाहुणे आहेत. तुम्ही दोन-दोन वर्षं लग्न अडवून ठेवता आणि वर त्यांनी शुद्ध राहावं म्हणता? पाहुणे कमी करा! ज्यांना जेवायला बोलावता त्यातल्या निम्म्यांना नवरीचं नाव माहीत नसतं.

आणखी एक. हा सगळा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या फक्त मुलींना केला. पावित्र्य म्हणे काचेचं भांडं, तडा गेला की गेला. मुलगा मात्र ‘मुलगाच तो’. हे ख्रिस्ताने कुठे शिकवलं? त्याने तर नजरेचाच हिशेब मागितला, आणि तोही पुरुषांकडून. अमेरिकेत १९९३ साली बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी लग्नापर्यंत थांबण्याच्या प्रतिज्ञेची मोहीम सुरू केली, पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर त्या प्रतिज्ञेची दोन लाखांवर कार्डं रोवली. काहींना त्याचा आधार झालाच असेल. पण सही करून घेणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी काय करायचं ते शिकवलं नाही, आणि जी पोरं घसरली त्यांना वाटलं आपण आता कायमचे बाटलो. बाटलो! चौथ्या शतकातल्या ऑगस्टिनकडे बघा. तरुणपणी देवाकडे शुचिता मागायचा, पण ‘आत्ताच नको’ म्हणायचा. लग्नाविना एका बाईबरोबर वर्षानुवर्षं राहिला, मुलगा झाला. ३८७ मध्ये मिलानमध्ये स्नानसंस्कार घेतला, पुढे बिशप झाला, संत झाला. कसलं काचेचं भांडं?

म्हणून पडल्यावर काय, हे आधी ठरलेलं हवं. दिवस मोजणारी ॲप मला आवडत नाहीत. एक्केचाळीसाव्या दिवशी घसरला की आकडा शून्य, आणि मग "गेलंच आता तर" म्हणत तीन दिवस आणखी खोल. त्यापेक्षा त्याच रात्री एका मित्राला दोन ओळी पाठवायच्या. मित्र पुरुषच हवा, होणारी बायको नव्हे, तिच्यावर हे ओझं टाकू नये. दोघांपैकी एक जण वयाने, अनुभवाने पुढे असावा, नाहीतर दोघे मिळून एकमेकांची समजूत घालत बसतात. आठवड्याचा फोन ठरलेल्या वेळी, ठरलेला प्रश्न, पाच मिनिटं. शनिवारी कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, शक्यतो एकाच फादरांकडे. काय केलं आणि किती वेळा, एवढंच सरळ सांगायचं, गोष्ट रचायची नाही. सवय हाताबाहेर गेली असेल, झोप-नोकरी जायला लागली असेल तर समुपदेशकाकडेही जावं, कन्फेशन एकटं पुरत नाही, हेही मान्य करतो.

लग्न झालेल्यांनी हसू नये. नैसर्गिक कुटुंबनियोजन (साधनांशिवाय, गर्भधारणेचे दिवस टाळून) पाळणाऱ्यांना विचारा, महिन्यातले किती दिवस एका पलंगावर राहून थांबावं लागतं. त्यात एकाची रात्रपाळी. त्यांचं शिक्षण लग्नाआधीच झालेलं असेल तरच ते निभावतं.

लिहिता लिहिता राग बराच उतरला. त्या वडीलधाऱ्यांनाही त्यांच्या तरुणपणी कोणी काही सांगितलं नसणार, हे आता जाणवतंय. पण तो मुलगा आज सगळ्यांसमोर विचारायला धजावला, त्याला किती बळ लागलं असेल. हॉल झाडताना तो कप मला टेबलाखाली सापडला, कडेचे तुकडे आत नीट गोळा करून ठेवलेले.

मघाशी त्याला मेसेज केला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांब, गजराचं एक जादा घड्याळ आहे माझ्याकडे, घेऊन येतो. आणि तुझा फोन चार्ज करून आण, डीएनएस बसवायला दहा मिनिटं लागतील.