घूं आवाजाची तक्रार बरोबर आहे, अँप दुरुस्तीला द्या

नमस्कार सर, आमच्या व्हॉल्व्ह अँपचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँप्लिफायरचा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. दोन स्टार दिलेत, आणि लिहिलंय की नॉब शून्यावर असला तरी घूंऽऽ येतो, काळी चार पट्टीच्या तानपुऱ्याबरोबर काहीतरी थरथरतं, वर बारीक सूऽऽ आहेच, आणि व्हॉल्व्हचा गोड आवाज म्हणजे नुसतं मार्केटिंग.

घूं आमची चूक आहे. तुम्ही सगळ्या वायरी काढूनही बघितलंत ते फार बरं केलंत, आता सेटटॉप बॉक्सवर नाहीतर घरच्या अर्थिंगवर ढकलायला जागाच नाही, आवाज अँपच्या आतूनच येतोय. आपली लाईट 50 हर्ट्झची, रेक्टिफायरने एसीचा डीसी केल्यावर त्यात उरणारी चढउतार, म्हणजे रिपल, होतो 100 हर्ट्झचा आणि तो फिल्टर कपॅसिटरने गिळायचा असतो. पुश-पुलमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह जोडीने चालतात तिथे, उरलासुरला रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये बराचसा कटून जातो, पण तुमचा सिंगल एंडेड, एका चॅनलला एकच ईएल 84 व्हॉल्व्ह, तिथे कटायला जोडीदारच नाही. आम्ही टेस्ट केला 86 डीबीच्या स्पीकरवर (तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचं हे माप), तोही दुकानात, बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना, मग कसला ऐकू येतोय. तुमचे हॉर्नवाले स्पीकर 97 डीबीचे, म्हणजे तोच रिपल तुमच्या खोलीत कानाला दुप्पट मोठा. घरी स्पीकर कोणते आहेत हे मी विकायच्या आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

तानपुऱ्याचं वाचून तर मी उठून बसलो. काळी चारचा खर्ज येतो साधारण 104 हर्ट्झला आणि आपला घूं 100 ला, दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चारेक वेळा आवाज खालीवर होणार, तीच तुमची थरथर. तुमच्या कानाने बरोब्बर पकडलंय. ज्याला आलापाच्या आधीचा तानपुरा ऐकायचाय त्याला हा अँप असा देणं बरोबर नाही, मी स्वतः पण असा ऐकणार नाही.

सूऽऽ चं मात्र वेगळं आहे. तो पुढच्या ईसीसी 83 या व्हॉल्व्हमधून येतो, इलेक्ट्रॉन एकसारखे वाहत नाहीत त्याचा आवाज. व्हॉल्व्ह निवडून लावला तर कमी होतो, शून्य होत नाही, 97 डीबीच्या हॉर्नला कान लावलात तर थोडा येणारच. बसायच्या जागेवरून येत असेल तर तो व्हॉल्व्ह बदलून देतो. चालू केल्यावर पहिली काही मिनिटं टिक टिक येते ती आतला धातू तापून फुगतो त्याची, त्याने काही बिघडत नाही.

आणि मार्केटिंगचं म्हणाल तर मोजमापात साधा चांगला ट्रान्झिस्टर अँप आमच्या अँपला हरवतो, हे मी दुकानातही सांगतो. सिंगल एंडेडमध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात होणारी भेसळ, जास्त असतं, पण त्यातलं बरंचसं सेकंड हार्मोनिक, म्हणजे तोच स्वर एक सप्तक वर, म्हणून कानाला खुपत नाही, उलट गळ्याला भरीवपणा येतो. मला ते मनापासून आवडतं. पण खाली घूं चालू असेल तर त्या भरीवपणाचा काही उपयोग नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

आता असं करूया, शनिवारी आमचा मुलगा येऊन अँप घेऊन जाईल. चोक, म्हणजे रिपल अडवणारी तारेची गुंडाळी, टाकतो, पुढे मोठा कपॅसिटर लावतो, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरची वायरिंग परत पिळून घेतो, पैसे काही नाहीत. मग तुमच्याच घरी, तुमच्याच स्पीकरवर, रात्री पंखा बंद करून दोघं ऐकू. सोफ्यावरून घूं आला तर पूर्ण पैसे परत.

तोपर्यंत एवढं करा, कुणी सांगितलं तरी प्लगची अर्थिंगची पिन काढू नका आणि अँप उघडू नका, आत 250 व्होल्टच्या वर डीसी असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ राहतो. शनिवारी सकाळी जमेल की संध्याकाळी, तेवढं कळवा.