47 डिग्रीच्या हवेनं काय थंड होणार? – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कमेंट नीट वाचली. तुम्ही लिहिलंय की "मे महिन्यात नागपुरात कूलर लावूनही जीव कासावीस होते, आणि तुम्ही सांगून राहिले की अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन ना पाणी ना पंखा, नुसत्या हवेवर थंड राहते. 47 डिग्रीच्या हवेनं काय थंड होणार, कोणाला शेंडी लावता?" प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

कूलरकडून आपल्याला जे पाहिजे असतं तेच मुळात वेगळं. बाहेर 45 असताना खोलीत 30 पाहिजे, म्हणजे हवेच्याही खाली जायचंय, त्यासाठीच पाणी आणि पंखा लागतो. कास्कला, म्हणजे वापरलेलं इंधन कोरडं साठवायच्या काँक्रीटच्या जाड पिंपाला (आत स्टीलचा बंद डबा, त्यात इंधन), हवेच्या खाली जायचंच नाहीये. आतल्या इंधनाच्या झिर्कोनियमच्या नळ्या नेहमीच्या साठवणीत 400 डिग्रीच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, ही अमेरिकेच्या नियामक संस्थेची मर्यादा आहे. 2013 च्या मे मध्ये आपल्याकडे 47.9 झालं होतं, तेवढी हवा धरली तरी मध्ये साडेतीनशे डिग्रीचं अंतर राहतं, आणि उष्णता वाहते ती ह्या अंतरामुळेच. बाहेरची हवा 20 डिग्रीनं तापली तर आतलंही साधारण तेवढंच वर सरकतं, पण डिझाइन करताना ते आधीच धरलेलं असतं.

आणि उष्णता असते तरी किती? भट्टी बंद केल्या क्षणी ती पूर्ण शक्तीच्या 6 ते 7 टक्के असते, पाण्याच्या तलावात पाचेक वर्षं काढली की मोठ्या भट्टीच्या एका अख्ख्या असेंब्लीतून (इंधनाच्या नळ्यांच्या जुडग्यातून) साधारण एक किलोवॅट उरते. समजा कास्कमध्ये मिळून 25 किलोवॅट आहेत. एक किलो हवा एक डिग्रीनं तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो, म्हणजे हवा 50 डिग्रीनं तापून बाहेर पडत असेल तर सेकंदाला अर्धा किलो हवा पुरते. खालच्या व्हेंटमधून थंड हवा आत येते, स्टीलच्या डब्याला घासून तापते, हलकी होते आणि वरून निघून जाते. उष्णता वाढली की हवेचा ओढा पण वाढतो, त्यासाठी वीज लागत नाही. मला ह्या डिझाइनमधलं सगळ्यात आवडतं ते हेच.

शिवाय दुपारच्या 47 चा पूर्ण परिणाम आत पोचत नाही, कारण डबा, इंधन आणि भोवतीचं काँक्रीट मिळून कित्येक टन वजन आहे, ते तापायलाच इतका वेळ घेतं की तोवर रात्र होते, त्यामुळे महत्त्वाची ठरते ती दिवसरात्रीची सरासरी. ॲरिझोनाच्या वाळवंटात पालो व्हर्दे इथे असेच कास्क 2003 पासून उघड्यावर उभे आहेत आणि तिथला उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही. व्हेंट चोंदले तर? हो, मग आतलं तापमान चढतं, पण हळूहळू, म्हणून एकतर रोज व्हेंट बघायचे नाहीतर तापमान मोजत राहायचं असा नियम आहे.

आता जिथे खरंच काळजी करावी ते सांगतो, कारण तुमच्या कमेंटमधली भीती मला खोटी वाटत नाही, फक्त जागा चुकलीये. नळ्या बहुधा सगळ्यात जास्त तापतात त्या कास्क भरताना, डब्यातलं पाणी काढून निर्वात करून वाळवतात तेव्हा, कारण उष्णता वाहून न्यायला आत गॅसच उरलेला नसतो. नंतर हेलियम भरतात, तो हवेच्या पाचसहा पट चांगली उष्णता नेतो. पण त्या तापण्यात नळीच्या धातूत भट्टीतच शिरलेला हायड्रोजन विरघळतो आणि पुढे निवताना नळीच्या भिंतीत आडव्या, आतून बाहेरच्या दिशेच्या पापुद्र्यांनी साठला तर नळी ठिसूळ होते. म्हणजे धोका तापण्याइतकाच निवण्यातही आहे, आणि इंधन तर दरवर्षी निवतच जाणार!

डब्याचंही तसंच. समुद्रकाठी हवेतलं मीठ स्टीलवर बसतं, डबा गरम असेपर्यंत ते कोरडं राहतं, पण वर्षांनी डबा निवला की तेच मीठ ओलावा धरतं आणि वेल्डजवळ तडे जाऊ शकतात. म्हणून 30-40 वर्षांनंतरच्या किनाऱ्यावरच्या कास्कचा प्रश्न मला नागपूरच्या मेपेक्षा जास्त छळतो.

आपल्या देशात धोरण इंधनावर पुन्हा प्रक्रिया करण्याचं आहे, आणि आपल्या बहुतेक भट्ट्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्याच्या, त्यांचं इंधन टनामागे खूपच कमी जळतं, त्यामुळे उष्णताही कमी. पण कोरडी साठवण कुठेही असो, तुमच्यासारख्या माणसानं प्रश्न विचारलेच पाहिजेत. फक्त "उन्हात ठेवलंय का" ह्यापेक्षा "वाळवताना तापमान किती चढलं आणि डब्याचे वेल्ड पुन्हा कधी तपासणार" हे विचारा. उत्तर मिळालं तर इथे टाका, आपण सगळे मिळून वाचू.