टोंगाला केबल, बोट आणि सैनिक का लागतात

‘छोट्या बेट-देशांचं आता सोपं झालंय. इंटरनेट उपग्रहावरून मिळतं, सामान विमानाने येतं, संरक्षण मोठे देश फुकटात करतात. मग समुद्राखालची केबल, जुन्या बोटी आणि मूठभर सैन्य यांवर पैसा कशाला घालवायचा?’ या आशयाचा मजकूर भरपूर फॉरवर्ड होतोय. वाचून वाईट वाटतं, कारण प्रशांत महासागरातल्या टोंगाने या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जानेवारी 2022 मध्ये सोसून दिली आहेत.

आधी उपग्रहाचं बघू. देशादेशांमधला 95 टक्क्यांहून जास्त डेटा आजही समुद्रतळावरच्या केबलींमधूनच जातो. मुंबईत वर्सोव्याला अशा कितीतरी केबली किनाऱ्याला लागतात. एक तुटली तर दुसरीवर भागतं. टोंगाकडे बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच होती, फिजीपर्यंतची, सुमारे 827 किलोमीटरची. 15 जानेवारीला हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि ती गेली. लाखभर लोकांचा देश गप्प झाला. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या टोंगन लोकांना आपली माणसं जिवंत आहेत की नाहीत, हे कित्येक दिवस कळेना. बाहेरून येणाऱ्या पैशांवर तिथली असंख्य घरं चालतात, तेही अडकले. उपग्रह तेव्हाही डोक्यावर होतेच. पण हवेत राख, डिशवर राख, आणि जी काही तुटपुंजी क्षमता मिळेल ती सगळ्या देशात वाटायची.

दुरुस्तीचं जहाज, सीएस रिलायन्स, पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीहून निघालं. केबल एका जागी तुटली असती तर काम लवकर आटोपलं असतं. तिचे तुकडे झाले होते आणि काही गाळाखाली गाडले गेले होते; 80 किलोमीटरहून जास्त भाग बदलावा लागला. संपर्क पूर्ववत व्हायला 22 फेब्रुवारी उजाडला. बेटाबेटांना जोडणारी देशांतर्गत केबल तर 2023 मध्ये जुळली. मधल्या काळात उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने 50 संच दिले, त्यांचा उपयोग झाला, हे मान्य. पण त्यासाठीचं जमिनीवरचं केंद्र फिजीत उभं राहिलं, आणि फिजी जगाशी जोडलेलं आहे ते केबलनेच! उपग्रह जोडीला हवा. केबलऐवजी तो चालत नाही.

विमानांचं म्हणाल तर धावपट्टी राखेने भरली होती. सैनिक आणि गावकरी फावडी घेऊन ती हाताने साफ करत होते; मदतीची पहिली विमानं उतरली 20 जानेवारीला. तिथले लोक पिण्यासाठी पावसाचं पाणी साठवतात, आणि त्यात राख पडलेली. पाणी आणलं न्यूझीलंडच्या नौदलाच्या आओतेआरोआ जहाजाने, अडीच लाख लिटर. एवढं पाणी विमानाने नेऊन बघा. त्याआधी दुसऱ्या जहाजावरच्या गोताखोरांना बंदरातला मार्ग सुरक्षित आहे का, हे तपासावं लागलं.

‘जुन्या बोटीं’बद्दल तर फार जपून बोलायला हवं. 5 ऑगस्ट 2009 ला प्रिन्सेस अशिका ही फेरीबोट टोंगाच्या समुद्रात बुडाली. 74 माणसं गेली, त्यात बायका-मुलंच जास्त. ती समुद्रात न्यायच्या लायकीचीच नव्हती, असं चौकशी आयोगाने सांगितलं. बेटांवरच्या माणसाला दवाखाना, शाळा, बाजार सगळं बोटीनेच गाठायचं असतं. तिथे चांगल्या बोटीवरचा खर्च उधळपट्टी कसा ठरतो?

आता ‘फुकट’ संरक्षण. प्रशांत महासागरातल्या बेट-देशांपैकी स्वतःचं सैन्य फक्त पापुआ न्यू गिनी, फिजी आणि टोंगाकडे आहे, हे खरं. पालाऊ, मायक्रोनेशिया आणि मार्शल बेटं यांचं संरक्षण करारानुसार अमेरिकेकडे आहे. त्याची किंमत मार्शल बेटांना विचारा. तिथल्या क्वाजालीनवर अमेरिकेचा क्षेपणास्त्र-चाचणी तळ आहे. स्थानिक लोक शेजारच्या इवल्याशा एबाय बेटावर दाटीवाटीने राहतात आणि तळावर कामाला फेरीबोटीने जातात. त्याही आधी, हा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात असताना, 1946 ते 1958 या काळात मार्शल बेटांत 67 अणुचाचण्या झाल्या.

टोंगाची जमीन जेमतेम 750 चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र सुमारे सात लाख चौरस किलोमीटर. त्यातली चोरटी मासेमारी रोखायला गस्तीच्या बोटी लागतात, आणि आपत्तीत त्याच कामाला येतात. 2022 च्या स्फोटानंतर हापाई बेटसमूहातल्या मँगो बेटावरचं एकूण एक घर त्सुनामीच्या लाटांनी नेलं होतं. फोन बंद, विमान बंद. अशा वेळी टोंगाच्या नौदलाची बोट आरोग्य पथक, पाणी, अन्न आणि तंबू घेऊन हापाई बेटांकडे निघाली ती स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी, 16 जानेवारीला. बाहेरच्या देशाचं पहिलं जहाज टोंगाला पोचलं 20 तारखेला.