छायेत काय दडलेले असते?

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विचारातील आत्मपूर्णतेच्या प्रक्रियेवरील, म्हणजे मनाची दडलेली अंगे ओळखून माणूस पूर्ण होत जाण्यावरील, या लेखात ‘छाया’ (मनाचा आपण नाकारलेला, दडपलेला भाग) म्हणजे केवळ दोषांचे कोठार असे म्हटले आहे, ते मला अपुरे वाटते. नाकारलेला राग आणि मत्सर तिथे असतोच. पण लहानपणापासून दडपलेली धिटाई आणि सर्जनशीलताही तिथेच पडून असते, हे युंग यांनी आवर्जून सांगितले होते. छायेची ओळख पटवणे हे एखाद्या शिबिरात उरकणारे काम नव्हे; युंग यांच्या घरासारखे ते आयुष्यभर चालते. झ्युरिक सरोवराकाठी बोलिंगेन येथे १९२३ मध्ये त्यांनी बांधायला घेतलेले दगडी घर टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि १९५५ मध्ये पत्नी एमा यांचे निधन झाल्यावर, ऐंशीव्या वर्षानंतर, मधल्या बुटक्या भागावर त्यांनी आणखी एक मजला चढवला. वार्धक्यात विस्तारलेल्या जाणिवेचेच ते रूप आहे, असे ते मानत.